उत्तर येईपर्यंत : नेटवर्क रिक्वेस्टच्या ओपन सोर्स लायब्ररींची ओळख

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतून माल भरलेला ट्रक परराज्यात धाडायचा, तर कारखान्याला बहुधा दोन नोंदी कराव्या लागतात: ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल. पन्नास हजारांच्या वरचा माल राज्याबाहेर न्यायला ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून लागतं. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या व्यवहारासाठीचं ई-इनव्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून जास्त उलाढाल असलेल्यांना बंधनकारक झालं. हिशेबनीस बटण दाबतो. बिलाचा मजकूर सरकारी नोंदणी पोर्टलकडे जातो, तिथे तपासला जातो, आणि तिकडून ६४ अक्षरांचा एक क्रमांक, ज्याला आयआरएन म्हणतात, आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो. सगळं सुरळीत असलं तर दोन-तीन सेकंदांचं काम. नसलं तर ड्रायव्हर केबिनच्या दारात येऊन उभा राहतो, ‘साहेब, बिल निघालं का?’ म्हणून विचारतो, आणि हिशेबनीस पडद्यावर फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतो.

त्या दोन-तीन सेकंदांत जे घडतं ते घडवून आणणारा कोड सहसा कारखान्याच्या सॉफ्टवेअरवाल्याने लिहिलेला नसतो. त्याने तो आयता घेतलेला असतो. पायथनमध्ये काम असेल तर रिक्वेस्ट्स, पीएचपीत असेल तर कर्ल, जावास्क्रिप्टमध्ये असेल तर ॲक्सिओस किंवा ब्राउझरमध्येच असलेलं फेच. या लायब्ररी ओपन सोर्स आहेत: कोड कुणालाही वाचता येतो, वापरता येतो, बदलता येतो. ही पुस्तिका त्यांच्याविषयी आहे.

ती लिहिताना डोळ्यांसमोर आमच्याच भागातली मुलं-मुली होती. उल्हासनगरच्या चांदीबाई किंवा तलरेजा कॉलेजात बीएससी आयटी करणारी, बदलापूरहून सकाळच्या गाडीने निघून ठाण्याला उतरणारी आणि ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत जाणारी. आणि जी जात नाहीत, इथेच राहून जीन्सच्या कारखानदाराला स्टॉकचं सॉफ्टवेअर, फर्निचरवाल्याला वेबसाइट, क्लासवाल्याला फीचं ॲप बनवून देतात, तीही. या दुसऱ्या गटाकडे कुणाचं लक्ष नसतं. मोठ्या कंपनीत चुकलेलं सांगायला वरिष्ठ असतो. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या गाळ्यात एकट्याने काम करणाऱ्या मुलाला चूक कळते ती गिऱ्हाइकाच्या फोनवरून. त्याच्यासाठी मराठीत काहीतरी हवं होतं.

मला सांगायचं आहे ते थोडकं आहे. रिक्वेस्ट पाठवणं दोन ओळींचं काम आहे. उत्तर येईपर्यंत काय करायचं, आणि उत्तर आलंच नाही तर काय करायचं, यात प्रोग्रामरचं कसब आहे. चांगली लायब्ररी त्या कसबाला हत्यारं पुरवते. ती कधी, कशी उचलायची हे मात्र ती ठरवत नाही, आणि बहुतेक शिकवण्या नेमक्या इथेच थांबतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय या लायब्ररी अशा का आहेत हे कळत नाही. पूर्वी वेबपानावर काहीही नवं हवं असलं की अख्खं पान पुन्हा यायचं. पान न हलवता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची सोय मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली. मायक्रोसॉफ्टच्या वेबवरच्या आउटलुकसाठी ती हवी होती. पुढे ती एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या लांबलचक नावाने सगळ्या ब्राउझरांत पसरली. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यावर लोकांना तिची ताकद दिसली, आणि त्याच वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिलं. पण ती वापरणं कटकटीचं होतं. प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी, आणि प्रत्येकासाठी वेगळं ठिगळ लावावं लागे. जॉन रेसिग यांची जेक्वेरी २००६ मध्ये आली आणि या सगळ्या तऱ्हा तिने आपल्या पोटात घेतल्या. आमच्याकडच्या कितीतरी दुकानांच्या साइट अजून तिच्यावरच चालतात आणि बऱ्या चालतात. जुनी म्हणून ती उपटून काढण्याची घाई करू नये, असं माझं मत आहे.

पुढे २०१४ मध्ये मॅट झाब्रिस्की यांनी ॲक्सिओस आणली. ब्राउझरमध्ये आणि नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेरच्या जावास्क्रिप्टमध्ये, एकाच पद्धतीने चालणारी. २०१५ पासून क्रोम आणि फायरफॉक्समध्ये फेच आलं, म्हणजे जे काम करायला लायब्ररी लागायची ते ब्राउझरच करू लागला. २०२२ मध्ये नोडच्या अठराव्या आवृत्तीतही फेच आपोआप मिळू लागलं. मग आता लायब्ररी कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्याकडे मी पुढे येतो.

आधी एक रिक्वेस्ट जवळून बघू. ट्रकच्या बिलाचीच घेऊ. पत्त्याच्या नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता शोधला जातो. मग त्याच्याशी जोडणी होते. मग दोन्ही बाजू एकमेकांशी गुप्त किल्ल्या ठरवतात आणि सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यानंतर बिलाचा मजकूर जातो. सर्व्हर तो वाचतो, नोंदवतो, उत्तर लिहितो, उत्तर परत निघतं. या प्रत्येक टप्प्यावर दोरी तुटू शकते, आणि कुठे तुटली यावर पुढे काय करायचं ते ठरतं. जोडणीच झाली नाही, तर पुन्हा पाठवायला हरकत नाही, कारण तिकडे काहीच पोचलेलं नाही. पण मजकूर गेला आणि उत्तर परत येताना हरवलं तर? रजिस्टर टपालाची पोचपावती आली नाही म्हणजे पत्र पोचलं नाही असं होत नाही. बिल तिकडे नोंदलं गेलेलं असू शकतं. इथे घाबरून पुन्हा बटण दाबणारा हिशेबनीस आणि आंधळेपणाने पुन्हा रिक्वेस्ट पाठवणारा कोड एकच चूक करतात.

ई-इनव्हॉइसची रचना करणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे, आणि तो मला फार आवडतो. आयआरएन हा मनाला येईल तो आकडा नसतो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक या चार गोष्टींवरून तो गणिताने काढला जातो. तेच बिल पुन्हा पाठवलं की तोच क्रमांक निघतो, आणि पोर्टल दुसरी नोंद न करता ‘हे आधीच झालं आहे’ असं कळवतं. चूक क्रमांक २१५०, डुप्लिकेट आयआरएन. कितीतरी सॉफ्टवेअरं हे उत्तर आलं की लाल अक्षरांत एरर दाखवून मोकळी होतात, आणि हिशेबनीस घाबरतो. ते उत्तर वाईट नाहीच. काम झालं आहे, फक्त तुम्हाला कळलं नव्हतं, एवढंच ते सांगतं.

हे बरोबर कसं हाताळावं याचा नमुना कुणालाही उघडून वाचता येतो. मुंबईत ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यातल्या अनुभवातून ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर उभं केलं. त्याचा पाया असलेलं फ्रॅपे फ्रेमवर्कही ओपन सोर्स आहे. ईआरपीनेक्स्टवर बसणारं इंडिया कंप्लायन्स नावाचं ओपन सोर्स ॲप जीएसटीची कामं करतं. त्यात ई-इनव्हॉइसचा भाग शोधा. पोर्टलने डुप्लिकेट म्हटलं, की तो कोड थांबत नाही. त्याच आयआरएनने आधीची नोंद मागवतो आणि बिलावर चढवतो. मोजक्या ओळी आहेत. ज्याने त्या लिहिल्या त्याने कधीतरी अशाच एका अडकलेल्या ट्रकचा फोन घेतला असणार, असं वाचताना वाटतं. उल्हासनगरमध्ये फर्निचरच्या दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने निदान एकदा तरी तो कोड वाचावा.

आता मुदतीबद्दल, म्हणजे टाइमआउटबद्दल. या पुस्तिकेतलं सगळ्यात लांब प्रकरण तेच आहे, आणि ते मुद्दाम. पायथनच्या रिक्वेस्ट्सला तुम्ही मुदत दिली नाही, तर ती स्वतःहून कधीच थांबत नाही, वाट बघतच राहते. ॲक्सिओसमध्ये मुदतीचा मूळ आकडा शून्य आहे आणि शून्याचा अर्थ ‘मुदत नाही’ असा आहे. फेचलाही स्वतःची मुदत नाही. ती बाहेरून रद्द करण्याच्या संकेतामार्फत द्यावी लागते. म्हणजे तिन्ही लोकप्रिय हत्यारं तुम्हाला सांगतात की किती वेळ थांबायचं ते तुम्ही ठरवा, आणि आपण शिकताना ते ठरवायचंच विसरतो. घरी वायफायवर सगळं चालतं म्हणून विसरणं लपून जातं. मग तेच ॲप घेऊन माणूस संध्याकाळच्या कर्जत गाडीत बसतो, बदलापूर सुटतं, वांगणीकडे सिग्नल कमी-जास्त होऊ लागतो, आणि चकती फिरत राहते. आणखी एक बारकावा, जो मला बऱ्याच उशिरा नीट उमगला: रिक्वेस्ट्समधली वाचण्याची मुदत संपूर्ण उत्तरासाठी नसते, दोन तुकड्यांच्या मधल्या शांततेसाठी असते. सर्व्हर थेंब थेंब पाठवत राहिला तर दहा सेकंदांची मुदत देऊनही काम कितीतरी मिनिटं रेंगाळू शकतं.

मुदत संपली की पुन्हा प्रयत्न. इथे तत्काळ तिकिटांचा विचार करा. सकाळी दहाला एसीचे आणि अकराला बिगरएसीचे दरवाजे उघडतात, आणि लाखो माणसं एकाच क्षणी आत शिरायला बघतात. आता असं समजा की प्रत्येकाचं ॲप अडलं की बरोबर एका सेकंदाने पुन्हा धडकतं. सर्व्हर आधीच वाकलेला, त्यात दर सेकंदाला सगळे मिळून ढकलणार. म्हणून जाणते लोक दर प्रयत्नामागे थांबण्याचा वेळ दुप्पट करत नेतात आणि त्यात थोडा यदृच्छेचा अंश मिसळतात, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला परत येत नाहीत. रिक्वेस्ट्सच्या खाली असलेल्या यूआरएललिब३ मध्ये ही सोय आहे, पण ती आपणहून चालू नसते. आणि ती केवळ माहिती मागणाऱ्या रिक्वेस्टसाठी निर्धास्त वापरावी. पैसे देणाऱ्या, बिल करणाऱ्या, जागा आरक्षित करणाऱ्या रिक्वेस्टसाठी नाही, जोवर तिकडे आयआरएनसारखी दुहेरी नोंद टाळणारी काही व्यवस्था नाही.

सगळ्यात चांगली रिक्वेस्ट ती, जी करावीच लागत नाही. आपल्या लोकलचे प्रवासी सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर इतकी वर्षं वापरतात त्याचं एक कारण हे आहे की वेळापत्रक फोनमध्येच असतं. नेट नसलं तरी ८.१३ ची अंबरनाथ लोकल आहे की नाही हे कळतं. ते ॲप ओपन सोर्स नाही, म्हणून या पुस्तिकेत त्याचा कोड नाही, पण त्यामागचा विचार पक्का घ्यावा: जे रोज बदलत नाही ते रोज मागू नये. आमच्या भागात हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. २००५ च्या जुलैचा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हा आत हजाराच्या आसपास प्रवासी होते आणि त्यांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी फोनची बॅटरी आणि सिग्नल दोन्ही आटत असतात. मदतीचे क्रमांक, जवळच्या निवाऱ्याचा पत्ता यांसाठी ज्या ॲपला नेट लागतं ते ॲप त्या दिवशी निरुपयोगी आहे.

आता तो राहिलेला प्रश्न: फेच असताना लायब्ररी कशाला, आणि घ्यायची तर कुठली? नव्या, लहान कामाला फेच पुरे. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच डोक्यात बसवा, की सर्व्हरने ४०४ किंवा ५०० म्हटलं तरी फेचच्या लेखी ती रिक्वेस्ट यशस्वीच असते. उत्तर ठीक आहे का हे वेगळं तपासावं लागतं. ॲक्सिओस अशा वेळी आपण होऊन चूक फेकते. काम वाढलं, प्रत्येक रिक्वेस्टला टोकन जोडायचं आहे, टोकन संपलं की एकाच जागी नवं घ्यायचं आहे, मोठी फाइल चढवताना किती टक्के झाली हे दाखवायचं आहे, तर ॲक्सिओससारखी लायब्ररी घ्यावी. पण ती घेतल्यावर अख्ख्या प्रकल्पात तिला एकाच फाइलमधून बोलवावं. पन्नास ठिकाणी विखुरलेली लायब्ररी बदलणं अवघड असतं, आणि ती बदलावी लागते. नोडच्या जगात रिक्वेस्ट नावाची, २००९ पासूनची, अतिशय लाडकी लायब्ररी होती. तिचे कर्ते मिकील रॉजर्स यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये तिचं नवं काम थांबवलं. तेव्हा हजारो पॅकेजेस तिच्यावर उभी होती. हे मला प्रामाणिक वाटतं. भाषा बदलली, जुनी घडण नव्या पद्धतीला बसेना, तर नव्यांना वाट करून द्यायला धैर्य लागतं.

पोस्टमन या साधनात रिक्वेस्ट तपासून बघणाऱ्या शिकणाऱ्यांचा एक ठरलेला वैताग असतो, ‘पोस्टमनमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये चालत नाही’. त्याला कॉर्स म्हणतात. ती लायब्ररीची चूक नसते आणि लायब्ररी बदलून ती सुटत नाही. दुसऱ्या पत्त्यावरचं उत्तर या पानाला वाचू द्यायचं की नाही, याची परवानगी सर्व्हरने द्यायची असते. एवढं कळलं की अर्धा त्रास संपतो. उरलेला तिसऱ्या प्रकरणात आहे. त्याच प्रकरणात प्रमाणपत्राची तपासणी बंद करण्याविरुद्ध मी कळकळीने लिहिलं आहे. एरर जावा म्हणून ती बंद करणं म्हणजे गिऱ्हाइकाचं बिल वाटेत कुणालाही वाचू देणं.

ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच बऱ्याच जणांच्या मनात असतं. त्यामागे माणसं असतात. कर्लचीच गोष्ट घ्या. स्वीडनमधले डॅनिएल स्टेनबर्ग यांना चलनांचे दर आपोआप मिळवायचे होते, म्हणून १९९६ च्या सुमारास त्यांनी राफाएल सागुला या ब्राझीलच्या प्रोग्रामरचं एक छोटं साधन हाती घेतलं. २० मार्च १९९८ ला त्याला कर्ल हे नाव मिळालं. वर्षानुवर्षं त्यांनी ते नोकरी सांभाळून, रात्री बसून वाढवलं. पूर्ण वेळ त्याच्यावर काम करता आलं ते २०१९ पासून. आज ते फोनांत, गाड्यांत, टीव्हींत आहे, आणि मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या मोहिमेत ज्या ओपन सोर्स प्रकल्पांचा वाटा होता त्यांतही आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानाच्या पीएचपी साइटवर तेच कर्ल पेमेंट कंपनीशी बोलतं.

माणसं असतात म्हणूनच ती फसूही शकतात. ८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएमवरच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारातल्या, एका जुन्या, विश्वासू देखभालकर्त्याला हुबेहूब एनपीएमसारखा दिसणारा मेल आला आणि त्याचं खातं हॅकरांच्या हाती गेलं. चॉक, डिबग यांसारख्या, जवळपास प्रत्येक प्रकल्पात असणाऱ्या पॅकेजेसमध्ये घातक कोड शिरला. त्या कोडने काय केलं हे आपल्या विषयाच्या दृष्टीने बघण्यासारखं आहे: त्याने ब्राउझरचं फेच आणि एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या दोन्हींवर स्वतःचं आवरण चढवलं, जाणाऱ्या-येणाऱ्या मजकुरात क्रिप्टो पाकिटांचे पत्ते शोधले आणि त्या जागी चोरांचे पत्ते घातले. काही तासांत ते उघडकीला आलं, कारण कोड उघडा होता आणि बघणारे डोळे होते. तुमच्या प्रकल्पातली लॉक फाइल गिटमध्ये ठेवा, आवृत्त्या डोळे मिटून वाढवू नका, आणि एखादी लायब्ररी घेताना तिची देखभाल आज कोण करतं हे बघा.

ही पुस्तिका वापरणाऱ्याने कोड वाचावा, आणि जमल्यास काही परत द्यावं. लगेच कोडच द्यायला हवा असं नाही. बदलापूरच्या अर्धवट सिग्नलवर एखादी लायब्ररी कशी वागते, हे नीट पायऱ्या लिहून कळवलं तर ते स्वीडनमध्ये किंवा अमेरिकेत बसलेल्या माणसाला त्याच्या टेबलापाशी कधीच दिसणार नाही असं काहीतरी असतं. असे अहवाल कसे लिहायचे हे शेवटच्या प्रकरणात आहे.

वेबसॉकेट आणि जीआरपीसी हे विषय मी बाहेर ठेवले आहेत. ते उत्तराची वाट बघण्यापेक्षा उघड्या ठेवलेल्या संभाषणाचे आहेत आणि त्यांना वेगळी जागा लागेल. सुरुवात कर्लपासून केली आहे, कारण ते २०१८ पासून विंडोज १० मध्येच येतं आणि काहीही उतरवून घ्यावं लागत नाही. जुन्या पॉवरशेलमध्ये कर्ल या नावाने दुसरंच काही चालतं, म्हणून साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा. कर्ल लिहा, मग हायफन आणि लहान व्ही, मग कुठल्याही साइटचा पूर्ण पत्ता. बाणाचं टोक उजवीकडे असलेल्या ओळी तुम्ही पाठवलेल्या आहेत, डावीकडे असलेल्या तिकडून आलेल्या, आणि चांदणीने सुरू होणाऱ्या ओळी कर्लच्या स्वतःच्या नोंदी: पत्ता कधी सापडला, जोडणी कधी झाली, प्रमाणपत्र कुणाचं होतं. पहिलं प्रकरण त्या चांदण्यांच्या ओळी एकेक करून वाचतं.